पाटीमागचा कायदा: वित्तीय संस्था म्हणजे नेमके काय?

सोलापुरात नवी पेठेतून किंवा अशोक चौकाच्या बाजूने चालत गेले, तर थोड्याच अंतरात राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा, नागरी सहकारी बँक, दोन-तीन पतसंस्था, सोने तारण ठेवून कर्ज देणारी कंपनी, महिलांच्या गटांना कर्ज देणारे मायक्रोफायनान्सचे कार्यालय, विमा कंपनीची शाखा आणि शेअर दलालाचे दुकान अशा पाट्या दिसतात. आत गेल्यावर बहुतेक ठिकाणी सारखेच काउंटर, सारखेच छापील अर्ज आणि सारखाच गोल शिक्का असतो. त्यामुळे पैसे ठेवणारा माणूस सहसा दोनच गोष्टी विचारतो: व्याज किती आणि ओळखीचे कोण आहे. या प्रत्येक पाटीमागे मात्र वेगळा कायदा आहे, तपासणीला येणारा अधिकारी वेगळा आहे आणि संस्था बुडाली तर ठेवीदाराच्या पदरी काय पडणार याचे उत्तरही वेगळे आहे. हे कळल्याशिवाय व्याजदरांची तुलना करण्यात अर्थ नाही, असे माझे ठाम मत आहे.

आर्थिक व्यवहार हा बहुतेक वेळा आजच्या पैशाच्या बदल्यात उद्याच्या वचनाचा व्यवहार असतो. आज आपण रक्कम देतो आणि समोरचा सांगतो की ती पाच वर्षांनी परत मिळेल, किंवा घरातला कर्ता माणूस गेला तर कुटुंबाला मिळेल, किंवा धंद्यात नफा झाला तर त्याचा वाटा मिळेल. ओळखीच्या माणसांत असे वचन पाळले जाते, कारण न पाळणाऱ्याला त्याच गल्लीत राहायचे असते. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांतून आणि विडी कामगार महिलांच्या वस्त्यांतून चालणारी भिशी याच बळावर चालते. तिथे नोंदणी नसते, लेखापरीक्षक नसतो, तरी पाळी, रक्कम आणि हप्ता चुकवणाऱ्याचे काय करायचे हे सर्वांना ठाऊक असते. १९९३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले डग्लस नॉर्थ यांची मांडणी अशी होती की माणसांनी आपल्या परस्पर व्यवहारांवर घालून घेतलेली बंधने, मग ती कायद्यात लिहिलेली असोत किंवा रूढीने चालत आलेली असोत, हीच खरी संस्था होय. त्या बंधनांच्या आत राहून काम करणारी बँक, कंपनी किंवा मंडळ हे त्या खेळातले खेळाडू होत. या अर्थाने भिशीसुद्धा एक संस्था आहे. फक्त तिचे नियम माणसे एकमेकांना ओळखतात तिथपर्यंतच पोचतात. भिशीचा चालक अनोळखी लोकांकडून पैसे गोळा करू लागला आणि सभासदांची संख्या शेकड्यांत गेली, की रूढीचा धाक संपतो आणि त्याची जागा घेणारा कायदा तर तिथे नसतोच. मोठमोठ्या भिशा फुटतात त्या याच ठिकाणी.

कायद्याने उभ्या केलेल्या संस्थेचे पहिले लक्षण म्हणजे ती स्वतःच एक स्वतंत्र व्यक्ती असते. हा मुद्दा ठरवण्यात सोलापूरचा मोठा वाटा आहे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १९४९ मध्ये बंद पडली, तेव्हा केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. एका भागधारकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने बहुमताने ती याचिका फेटाळली आणि कंपनी वेगळी, तिचा भागधारक वेगळा, हे तत्त्व त्या निकालात स्पष्टपणे मांडले गेले. पुढे १९५३ च्या अखेरीस दुसऱ्या एका भागधारकाच्या दाव्यात याच ताबा घेण्याच्या कायद्याला न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, आणि अशा निकालांनंतर १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती आली. आपल्या विषयापुरता यातून घ्यायचा मुद्दा असा की मालक, कारभारी आणि संस्था या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अध्यक्ष सज्जन आहेत, त्यांचे घराणे मोठे आहे, गड्ड्याच्या यात्रेत त्यांचा मान आहे, हे सगळे खरे असले तरी ठेव पावतीवर देणेकरी म्हणून त्यांचे नाव नसते, संस्थेचे असते. अध्यक्षांची पत म्हणजे संस्थेची पत नव्हे.

आता ठेव म्हणजे काय ते पाहू. बँकेत पैसे ठेवले की ते आपल्या नावाच्या कप्प्यात पडून राहतात, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात आपण बँकेला कर्ज दिलेले असते. पैसे बँकेचे होतात, त्यातून ती कर्जे वाटते आणि आपल्या हाती उरतो तो फक्त येणे वसूल करण्याचा हक्क. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यातली बँकिंगची व्याख्याही हेच सांगते: कर्ज देण्यासाठी किंवा गुंतवण्यासाठी जनतेकडून ठेवी घ्यायच्या, ज्या मागताक्षणी किंवा ठरलेल्या मुदतीने परत करायच्या आणि ज्या चेकने, ड्राफ्टने किंवा अन्य आदेशाने काढता येतील. अडचण या रचनेतच आहे. ठेवीदार उद्या सकाळी पैसे मागू शकतो, पण त्याच पैशातून घेतलेल्या यंत्रमागांचे कर्ज सात वर्षांनी फिटणार असते. शिवाय बँकेचे स्वतःचे भांडवल तुलनेने फारच थोडे असते. जोखमीनुसार मोजलेल्या प्रत्येक १०० रुपयांच्या मालमत्तेमागे किमान ९ रुपये स्वतःचे असावेत, असा नियम बँकांना आहे. मोठ्या नागरी सहकारी बँकांना ही किमान पातळी १२ रुपयांची आहे. याचा सरळ अर्थ असा की शंभरातले दहा-बारा रुपये कायमचे बुडाले, तर मालकांचा पैसा संपतो आणि पुढचा तोटा ठेवीदाराच्या पैशातून जाऊ लागतो. म्हणूनच बँकेचा परवाना, भांडवल, थकीत कर्जांची वर्गवारी आणि संचालकांच्या नातेवाइकांना दिली जाणारी कर्जे यांवर रिझर्व्ह बँकेची नजर असते. दुसऱ्याच्या पैशाने धंदा करणाऱ्यावर असे निर्बंध हवेतच. ते जाचक वाटत असतील, तर जनतेकडून ठेवी घेण्याचा हट्ट धरू नये.

हे सगळे असूनही बँक बुडू शकते, आणि सोलापूरकरांनी ते पाहिले आहे. दि लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँक, सोलापूर या बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले आणि खातेदाराला काढता येणारी रक्कम १,००० रुपयांपुरती मर्यादित झाली. पुढे २२ सप्टेंबर २०२२ रोजी, पुरेसे भांडवल नाही आणि उत्पन्नाची शक्यता नाही या कारणाने, बँकेचा परवानाच रद्द झाला. त्या वेळी रिझर्व्ह बँकेने दिलेल्या माहितीनुसार सुमारे ९९ टक्के ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम ठेव विमा महामंडळाकडून मिळणार होती, आणि १९३ कोटी रुपयांहून अधिक रक्कम तोपर्यंत दिलीही गेली होती. परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला, पण अवसायक, म्हणजे बंद पडलेल्या संस्थेची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी, नेमण्यासाठी तिने राज्याच्या सहकार आयुक्त व निबंधकांना कळवले. याचे कारण असे की सहकारी बँकेचा जन्म सहकार कायद्याखाली होतो आणि तिचे बँकिंग रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालते. म्हणून तिच्या शेवटच्या हिशेबालाही दोन्ही दारे लागतात.

ठेव विम्याचा हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. केरळमधील पलाई सेंट्रल बँक १९६० मध्ये बुडाली, त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून देशात ठेव विमा सुरू झाला. तेव्हा संरक्षण १,५०० रुपयांचे होते. १९९३ मध्ये ते १ लाख झाले आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख. ही मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेमागे आहे. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जातात आणि सर्व शाखांतील रकमांची बेरीज होते, त्यामुळे एकाच बँकेच्या सात रस्ता आणि जोडभावी पेठ अशा दोन शाखांत निम्मे-निम्मे पैसे ठेवून काहीही साधत नाही. विम्याचा हप्ता बँकेने भरायचा असतो, ठेवीदाराने नव्हे. पूर्वी निर्बंध लागल्यापासून अवसायन होईपर्यंत ठेवीदाराला वर्षानुवर्षे ताटकळावे लागे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या २०१९ च्या प्रकरणात लोकांचे जे हाल झाले, त्यानंतर २०२१ मध्ये कायदा बदलला आणि निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. लक्ष्मी बँकेच्या ठेवीदारांना परवाना रद्द होण्याआधीच पैसे मिळू लागले ते या दुरुस्तीमुळे. नियम बदलला की माणसाच्या आयुष्यात किती फरक पडतो, याचे इतके जवळचे उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

पतसंस्थेला मात्र हा विमा नाही. आपल्या शहरात सर्वाधिक गैरसमज याच ठिकाणी आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. संध्याकाळी भाजी मंडईतल्या विक्रेतीकडे पिग्मी एजंट येतो, पन्नास रुपये घेतो, हातातल्या छोट्या यंत्रातून पावती काढून देतो आणि पुढच्या गाड्याकडे वळतो. ती म्हणते, “बँकवाला येऊन गेला.” पावतीवरचे नाव वाचले तर शेवटी लिहिलेले असते, “ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्था मर्यादित”, आणि खाली नोंदणी क्रमांक. ही संस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली निबंधकाकडे नोंदलेली असते. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो, आपल्या नावात “बँक” हा शब्द वापरता येत नाही, आणि तिने व्यवहार करायचा तो आपल्या सभासदांशी. ठेवीचा फॉर्म भरताना सोबत सभासदत्वाच्या अर्जावर सही घेतली जाते ती याचसाठी, जरी अनेकांना आपण कशावर सही केली हे माहीत नसते. जिल्ह्यातल्या कितीतरी पतसंस्था चोख काम करतात. यंत्रमाग दुरुस्तीला वीस हजार हवे असतील, तर मोठी बँक जे कागद मागते ते छोट्या कारखानदाराकडे नसतात, तिथे पतसंस्था दोन जामीनदारांवर काम भागवते. ही सेवा मोलाची आहे आणि तिला कमी लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. पण ठेवीदाराने हे पक्के ध्यानात घ्यावे की इथे त्याच्या पाठीशी पाच लाखांचे छत्र नाही. जे संरक्षण आहे ते संस्थेच्या कर्जवसुलीचे, तिच्या राखीव निधीचे आणि निबंधकाच्या देखरेखीचे.

ती देखरेख कशी चालते? दरवर्षी लेखापरीक्षण होते आणि संस्थेला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो. गैरव्यवहाराचा संशय आला तर कलम ८३ खाली चौकशी लागते, आणि संस्थेचे नुकसान कोणामुळे झाले हे ठरवून ते त्या संचालकाकडून किंवा कर्मचाऱ्याकडून भरून घेण्यासाठी कलम ८८ वापरले जाते. थकबाकीदाराकडून वसुलीसाठी कलम १०१ चा दाखला निघतो. सहकारात वावरणाऱ्यांच्या तोंडी हे तीन आकडे सतत असतात, आणि ठेवीदाराच्याही असावेत. एखाद्या संस्थेची ८८ ची चौकशी सुरू आहे असे कळले, तर पैसा गेल्यानंतर जबाबदार कोण हे शोधण्याच्या टप्प्यावर ती आली आहे, असे समजावे. नावात “मल्टिस्टेट” असेल तर चित्र आणखी बदलते. अशी संस्था २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली येते आणि तिचा निबंधक दिल्लीत असतो, त्यामुळे जिल्हा उपनिबंधक कार्यालयात हेलपाटे घालूनही तिच्यावर थेट कारवाई होत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तिच्या सभासदांच्या तक्रारींसाठी सहकारी लोकपालाची तरतूद झाली आहे.

आपल्या भागात सहकार आला तोच मुळी सावकारीवरचा उतारा म्हणून. १८७५ मध्ये सुप्याला सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला, आणि १९०४ मध्ये पहिला सहकारी पतसंस्था कायदा आला. म्हणजे आधी अन्यायकारक दस्ताला कोर्टात रोखायचे आणि मग सावकाराऐवजी दुसरी सोय उभी करायची, असा तो क्रम होता. सावकारी आजही कायदेशीर आहे, पण २०१४ च्या राज्य कायद्यानुसार परवाना घेऊनच. गावात शेतकऱ्यांना कर्ज देणारी सोसायटी आणि जिल्हा मध्यवर्ती बँक ही त्याच परंपरेतली. जिल्हा बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेचा, तपासणी १९८२ मध्ये स्थापन झालेल्या नाबार्डची आणि संस्था म्हणून नोंदणी सहकार खात्याची, असे तीन धनी तिला आहेत. तीन धनी असले की तिहेरी सुरक्षितता मिळते असे वाटते, पण अनुभव असा आहे की जबाबदारी एकमेकांकडे ढकलायलाही तेवढीच जागा मिळते. नागरी सहकारी बँकांबाबत हाच दुहेरी नियंत्रणाचा घोळ १९६६ पासून चालत आला होता. २०२० च्या दुरुस्तीने व्यवस्थापन, भांडवल आणि लेखापरीक्षणाबाबत रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवले गेले आणि तो बराच कमी झाला. सहकाराची स्वायत्तता गेली अशी टीका त्यावर झाली. मला ती पटत नाही. ठेवी जनतेच्या असतील, तर त्यांची सुरक्षितता संचालक मंडळाच्या निवडणुकीवर सोडता येत नाही.

फायनान्स कंपन्या, म्हणजे बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्या, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या असतात. पण त्यांना बचत किंवा चालू खाते उघडता येत नाही आणि त्यांच्याकडच्या ठेवींना विमा नाही. बहुतेकींना जनतेकडून ठेवी घेण्याची परवानगीच नसते. विडी कामगार महिलांच्या गटांना कर्ज देणाऱ्या कंपन्याही याच वर्गातल्या. त्यांच्यासाठी २०२२ पासूनचे नियम स्पष्ट आहेत: वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले हे कर्ज विनातारण असले पाहिजे, घरातल्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत राहिले पाहिजेत, आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ च्या नंतर फोन करून त्रास देता येत नाही. आधार कार्ड ठेवून घेणारा किंवा रात्री आठला दारात येऊन बसणारा वसुली प्रतिनिधी नियम मोडतो आहे, हे त्या बायकांपर्यंत पोचले पाहिजे.

शेअर बाजारात नियमनाचा प्रश्नच वेगळा होतो. तिथे कोणी रक्कम परत देण्याचे वचन देत नाही, म्हणून १९९२ च्या कायद्याने वैधानिक अधिकार मिळालेली सेबी मुख्यतः हे पाहते की कंपनीने खरी आणि पुरेशी माहिती दिली का, आणि भाव कोणी लबाडीने फिरवले का. भाव पडून झालेला तोटा सेबी भरून देत नाही, आणि तशी अपेक्षाही चुकीची आहे. म्युच्युअल फंडात आपले पैसे विश्वस्त व्यवस्थेत असतात आणि व्यवस्थापन करणारी कंपनी वेगळी असते, त्यामुळे ती कंपनी अडचणीत आली तरी फंडातील मालमत्ता तिच्या धनकोंना मिळत नाही. मात्र त्या मालमत्तेचे मोल कमी-जास्त होण्याची जोखीम सर्वस्वी आपली. विम्याचे वचन वीस-तीस वर्षांचे असते. म्हणून विमा नियामक प्राधिकरण कंपनीकडे पुढच्या दाव्यांसाठी पुरेशी तरतूद आहे का, यावर भर देते आणि आवश्यक पातळीच्या दीडपट शोधनक्षमता, म्हणजे देणी भागवण्याची ताकद, राखायला लावते.

हे सगळे वेगवेगळे प्रकार एकाच काउंटरवर विकले जाऊ लागले, तेव्हापासून घोटाळा वाढला आहे. मुदत ठेवीचे नूतनीकरण करायला गेलेल्या निवृत्त गिरणी कामगाराच्या हाती विमा पॉलिसी पडते आणि “बँकेचीच आहे” या शब्दावर तो सही करतो. ती बँकेची नसते. बँक तिथे विमा कंपनीची एजंट असते, पॉलिसीला ठेव विमा लागू नसतो आणि तक्रारीचे दार विमा लोकपालाचे असते. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याचा हक्क आहे. तो वापरावा.

बँक किंवा फायनान्स कंपनीबद्दलची तक्रार आधी त्यांच्याकडेच लेखी द्यावी आणि पोच घ्यावी; ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. कोणत्याच नियामकाकडे नोंद नसलेली आणि दामदुपटीचे आमिष दाखवणारी योजना असेल, तर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने ती मुळातच बेकायदा आहे. राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदाही आहे, ज्यात प्रवर्तकांची मालमत्ता जप्त करून पैसे परत देण्याची तरतूद आहे. तिथे तक्रार पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे करावी आणि जितक्या लवकर करावी तितके बरे, कारण मालमत्ता हातोहात विकल्या जातात.

पतसंस्थेच्या आणि सहकारी बँकेच्या सभासदाच्या हाती आणखी एक साधन आहे, जे फारसे कोणी वापरत नाही. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्याआधी अहवाल छापला जातो. त्यात ताळेबंद, थकबाकी, लेखापरीक्षणाचा वर्ग आणि लेखापरीक्षकांचे शेरे असतात. अध्यक्षांचे मनोगत आणि हार-तुऱ्यांचे फोटो ओलांडून त्या पानांवर जावे, निव्वळ थकीत कर्ज गेल्या वर्षीपेक्षा वाढले की घटले ते पाहावे, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांकडची येणी किती आहेत ते शोधावे, आणि सभेत उभे राहून विचारावे की मागच्या लेखापरीक्षणातल्या दोषांची दुरुस्ती झाली का. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा.